माळवदावर हत्तीचा पाऊस

पप्पांचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते. शनिवार होता, तास लवकर सुटले होते. पप्पांनी आधी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. मागं कुणीतरी खुर्च्या सरकवत असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "जेवलीस का?" मी परत हो म्हणाले. "आक्का गेली, प्रज्ञा," ते म्हणाले. "दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच न्हाय." मी काही बोलायच्या आत, रडायच्याही आत, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "काल एवढा पाऊस झाला गं... पण घर कोरडं हाय. एक थेंब न्हाय आत."

हे वाक्य बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. सख्खी थोरली बहीण समोर निजलेली, आणि माणूस छताबद्दल सांगतोय. मला मात्र ते लगेच कळलं, आणि खरं सांगायचं तर मी त्या वाक्यालाच रडले. आत्याला जाऊन आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि निबंधाच्या पलीकडं मी कधी काही लिहिलेलं नाही. पण ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून ते समजावं इतकं तरी सांगून बघते.

माझी आत्या, सुमन, नर्स होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे मालक वारले. मूलबाळ नव्हतं. माहेरी येऊन बसण्यापेक्षा ती नर्सिंगचं शिकली आणि पुढची सगळी नोकरी तिनं या तालुक्यातून त्या तालुक्यात, उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत काढली. शेवटची नेमणूक बारामतीजवळ कन्हेरीला होती. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडं जायचे तेव्हा मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. तिच्या भिंतीवर काहीच नसायचं. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलेलं, आरसा खिडकीत, बुद्धाची तसबीर पत्र्याच्या ट्रंकेवर भिंतीला टेकवून उभी. मी विचारलं, तर म्हणाली, "खिळा मारला की घरमालक ओरडतो गं. आणि क्वार्टरात मारला, तर बदली झाल्यावर पुढची बाई भोकं मोजत बसती." मग हसून म्हणाली, "रिटायर झाले की बावड्याच्या घरात जाणार बघ. आणि कुणाला न विचारता खिळं मारणार."

बावड्याचं घर म्हणजे आमच्या वस्तीतलं तीन खणांचं माळवद. आजोबांनी दगड-मातीत बांधलेलं. ज्यांनी माळवद पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्याला पत्रा नाही, कौल नाही, स्लॅब नाही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर माती थोपटलेली. वर सपाट, मिरच्या वाळत घालता येतील असं. माती शेतातली चालत नाही. गावाच्या जुन्या पांढरीतली, म्हणजे जिथं पूर्वी घरं होती आणि पडून पडून त्यांची टेकडी झाली, तिथली खारट पांढरी माती लागते. तिच्यात गवत सहज रुजत नाही आणि पाणी लवकर मुरत नाही. आजोबा-आजी गेल्यावर घराला कुलूप लागलं. पप्पा तोवर इंदापूरला आले होते, कारण त्यांचं काम सेंट्रिंगचं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कितीतरी घरांच्या स्लॅबना पप्पांच्या हातच्या प्लेटा आणि बल्ल्या लागलेल्या आहेत. रस्त्यानं जाताना ते मोटारसायकलचा वेग कमी करतात आणि एखाद्या बंगल्याकडं हनुवटीनं दाखवून म्हणतात, "आपला."

अशा माणसाच्या बहिणीनं मातीच्या छताखाली राहायचं म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात येईल. आत्या रिटायर झाली तेव्हा पप्पांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. जुनं घर पाडायचं, तिथं दोन खोल्या आणि स्लॅब. "तुला काय बी करायचं न्हाय आक्का. नुसतं येऊन ऱ्हायचं." आत्या म्हणाली, "मला नवं नगं. हाय ते नीट करायचंय." त्यांची त्यावर पुष्कळ वादावादी झाली. पप्पांना वाटायचं, लोक आपल्याला हसतात. आणि लोक खरंच हसायचे. "सुभाषराव, जगाला स्लॅब आणि सख्ख्या बहिणीला चिखल व्हय?" असं कुणी पानाच्या टपरीवर म्हणालं की पप्पा घरी येऊन जेवत नसत.

आत्या ऐकेना आणि ट्रंक घेऊन तिथं राहायला गेली. पहिल्याच पावसाळ्यात घर इतकं गळलं की ती खाटेवर छत्री उघडून बसली होती. पप्पा आणि मी बघायला गेलो, तर छत्रीखालून म्हणाली, "या, बसा. पण कुठं बसता?" पप्पांना हसूही आलं आणि रागही आला. ते भिजत उभं राहूनच म्हणाले, "आक्का, बोली कर. एक आख्खा पावसाळा, मिरगापासनं हत्तीपतूर, ह्या घरात थेंब पडला न्हाय, तर मी पुन्हा पाडायचं नाव काढणार न्हाय. पडला, तर दिवाळीआधी जेसीबी आणतो." आमच्याकडं हस्ताच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. मिरग-आर्द्रा इकडं हूल देऊन जातात, पण हत्ती सोंड भरून येतो आणि एका दुपारीत ओढा भरवतो. आत्यानं छत्री मिटली आणि हात पुढं केला. "लागली बोली."

त्या वर्षी ती हरली, ते उघडच होतं. पुढच्या वर्षीही हरली. दरवर्षी हत्तीचा पाऊस झाला की पप्पा मोटारसायकलवर बावड्याला जायचे आणि मान वर करून तिन्ही खण फिरायचे. कुठंतरी काळा डाग सापडायचाच. मग आत्याचं ठरलेलं. एका वर्षी म्हणाली, "घुशीनं बीळ पाडलं, त्यात घराचा काय दोस?" एका वर्षी शेजाऱ्याची शेळी वर चढून नाचली होती. एका वर्षी तर म्हणाली, "अवंदा वाराच तिरका हुता." पप्पा कपाळावर हात मारायचे. "वाऱ्याला काय सरळ यायला सांगू का मी?" पण आत्या म्हणायची, "अवंदा ऱ्हाऊ दे सुभाष. पुढल्या साली बघ." आणि पप्पा दरवर्षी एक साल वाढवून द्यायचे. जेसीबी काही आला नाही.

दर उन्हाळ्यात माळवदाचं काम निघायचं. आमच्या गल्लीतले गुलाबचाचा त्यांच्या टेंपोतून पांढरीची माती आणून टाकायचे. ती चाळायची, खड्डा करून त्यात गव्हाचं भुसकट घालून भिजत ठेवायची, आणि आंबूस वास सुटला की पायानं तुडवायची. मी आठवीत होते तेव्हापासून तुडवलीय. आधी घाण वाटायची, मग गार वाटायची, आणि नंतर नंतर तर मे महिना आला की पायांना तिची आठवण व्हायची. आत्या साडी खोचून वर चढायची. तिची कामाची रीत नर्सचीच होती. भेग दिसली की आधी जुनी सुटी माती खरवडून काढायची, पाणी शिंपडायची, मग नवी माती दाबायची. "जखम धुतल्याबिगर पट्टी बांधायची न्हाय," असं आम्हाला बजावायची. फळ्यांवर बोटं वाजवून, डोकं तिरकं करून ऐकायची, जशी डॉक्टर लोक छाती तपासतात. गुलाबचाचा खालून ओरडायचे, "सिस्टर, सुया टोचून दमला न्हाय, आता घराला टोचाया लागला व्हय?" आत्या वरून म्हणायची, "तुमाला टोचलेली अजून दुखती का चाचा? या वर, बघते." चाचा म्हणायचे, "नगं बाई, मी हितंच बरा," आणि बिडी पेटवायचे.

आता मला सिमेंटचं सांगायचंय. ते लिहावं की नाही, असं मी पप्पांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही की. गावाला ठावं हाय."

बोलीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी आत्या डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला तिच्या एका जुन्या नर्स मैत्रिणीकडं गेली होती आणि तिथंच महिनाभर राहिली. पप्पांनी तेवढ्यात आपली सगळी गँग बावड्याला नेली. सुट्टीच्या दिवशी, कुणी रोज न घेता, त्या पोरांनी माळवदावर सिमेंटचा कोबा केला. गुळगुळीत, उतार काढून, कडेला गोलाई देऊन. पप्पांनी स्वतः शेवटचा हात मारला. त्यांना वाटलं, घर आक्काच्या मनासारखं जुनंच राहील आणि वर आपलं काम होईल, म्हणजे दोघांचंही झालं. आत्या परत आली तेव्हा पप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे होते. तिला हात धरून शिडीवरून वर नेलं. आत्याच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळं तिचे डोळे कसे झाले ते मला दिसलं नाही. ती बराच वेळ त्या कोब्याकडं बघत उभी राहिली. मग वाकून हात फिरवला आणि म्हणाली, "किती राबलास रे..." आणि पेढा खाल्ला.

त्या पावसाळ्यात घर गळलं नाही. मिरग गेला, आश्लेषा गेल्या, हत्तीसुद्धा गेला. पप्पा तिन्ही खण फिरले आणि कोरड्या जमिनीवर पाय आपटून म्हणाले, "हरलो आक्का, मी हरलो!" हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गावभर सांगत सुटले. आत्या मात्र रोज सकाळी उठून फळ्यांना बोटं वाजवायची.

थंडीत आधी वास आला. ओल्या गोणपाटासारखा, कोंदट. मग फळ्यांवर पांढरी बुरशी धरली. कोब्याला केसासारख्या बारीक भेगा गेल्या होत्या. त्यांतून पाणी आत शिरलं होतं, आणि एरवी उन्हानं वरून वाळून जाणाऱ्या मातीला आता वाळायला वाटच उरली नव्हती. पाणी खाली लाकडात उतरत राहिलं. एके दिवशी मधल्या खणातली तुळई वाकली आणि ढेकळं खाली पडली. आत्या तेव्हा अंगणात भांडी घासत होती म्हणून बरं.

पप्पा आले. वाकलेली तुळई त्यांनी अंगठ्यानं दाबली, तर अंगठा आत गेला. ते तिथंच खाली बसले. म्हणाले, "तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"तू पेढं घेऊन आलावतास की रे," आत्या म्हणाली. "पेढा खाता खाता कसं बोलू?"

पप्पांनी तो कोबा स्वतः फोडला. गँगमधल्या कुणाला आणलं नाही. हातोडा आणि छिन्नी घेऊन, मातीला आणि तुळयांना धक्का लागू नये म्हणून जरा जरा करत, बरेच रविवार. आत्या खाली तुकडे गोळा करून अंगणात रचायची आणि मधूनच म्हणायची, "काम मात्र एक नंबर केलतंस हां. फुटता फुटंना." ही थट्टा होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. पप्पा वरून म्हणायचे, "गप की आक्का." मग कडुलिंबाचं लाकूड आणून नवी तुळई बसवली. बल्ल्यांचा टेकू देऊन छत उचलायचं काम पप्पांइतकं कुणालाच आलं नसतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी पहिल्यांदा पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मातीच्या खड्ड्यात पाय घातला. गुलाबचाचा म्हणाले, "आरारा, ठेकेदार चिखलात." पप्पा म्हणाले, "चाचा, तुमी माती टाका." आणि तुडवत राहिले. पण बोली मात्र त्यांनी मोडली नाही. आत्यानंही मोडू दिली नाही. सिमेंटवाल्या वर्षी जिंकलेलं आपलं न्हाय, असं तिचं म्हणणं होतं. "उसन्या मार्कावर पास हुणं आमच्यात बसत न्हाय," ती माझ्याकडं बघून म्हणाली.

नव्या तुळईचा तो मधला खण तिनं मला दिला. बारावीचं वर्ष मी तिथंच काढलं. माळवदाला उजेडासाठी वर एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. पाऊस आला की वर जाऊन त्यावर दगडी फरशी सरकवायची. सकाळी त्यातून उन्हाचा एक गोल भिंतीवर पडायचा आणि हळूहळू जमिनीवर उतरायचा. मी पुस्तक घेऊन त्याच्या मागं मागं सरकत जायचे. आत्या तिकडून भाकरी थापता थापता विचारायची, "कुठवर आलं?" मला वाटायचं अभ्यासाचं विचारतेय. ती उन्हाचं विचारायची, कारण तिला स्वयंपाकाची वेळ त्यावरून कळायची. एकदा मी तिला विचारलं, की एवढा त्रास कशाला, पप्पा म्हणतात ते दोन खोल्यांचं घरसुद्धा तुझंच असेल की. ती थापायची थांबली. म्हणाली, "प्रज्ञा, जन्मभर मी तयार खोलीत गेले आणि चावी देऊन निघाले. ज्याला आपला हात लागला न्हाय ते सोडताना काय वाटत न्हाय बघ. मला एकदा तरी असं घर पायजे, की सोडताना जिवावर येईल." मग म्हणाली, "पीठ वाळलं," आणि परत थापायला लागली. भिंतीवर तिनं खिळे किती मारले होते म्हणून सांगू! पिशव्या, चाळणी, टॉर्च, माझं दप्तर... सगळं भिंतीवर. आई म्हणायची, घर आहे का भांड्याचं दुकान.

यंदाचा उन्हाळा सगळ्यांत चांगला झाला. मातीचा थर पुरा नवा घातला होता, उतार पन्हळीकडं नीट काढला होता, पप्पा प्रत्येक रविवारी हजर. आणि यंदा खरंच घर गळलं नाही. मिरग कोरडाच गेला, पण नंतर बरा पाऊस झाला. मी ऑगस्टच्या शेवटी भेटून आले, तीच शेवटची भेट. आदल्या दिवशी पाऊस होऊन ऊन पडलं होतं. आत्या, पप्पा आणि मी वर गेलो. आत्यानं माळवदावर तळवा ठेवला, तापाच्या पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "निवांत हाय." पप्पा म्हणाले, "लई खूश हू नगंस. हत्ती येऊन जाऊ दे, मग बोलू." आत्या म्हणाली, "येऊ दे की. हत्तीची सोंडच बांधून ठेवते." मग मी स्टँडवर निघाले तशी दारापर्यंत आली आणि सवयीप्रमाणं माझी नाडी धरून उभी राहिली. "जेवत जा," म्हणाली. एवढंच. मला माहीत असतं तर मी तो हात इतक्या लवकर सोडवून घेतला नसता.

ती गेली त्या दिवशी तिला मधल्या खणात ठेवलं होतं. बायका बसल्या होत्या, गुलाबचाचा ओसरीवर डोक्याला हात लावून बसले होते. पप्पा भिंतीला टेकून उभे होते आणि सारखे वर छताकडं बघत होते. लोकांना वाटलं असेल, माणूस भ्रमिष्ट झाला. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि मीही वर बघितलं. फळ्या कोरड्या होत्या.

पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक आले. जेवणं उरकत आली तेव्हा चुलते सहज म्हणाले, त्यात वाईट काही नव्हतं, "सुभाष, आता कुणासाठी ठेवायचं हे? बाई होती तवर ठीक. आता स्लॅब टाकून घे. पोरीच्या लग्नाला मांडव तरी घालता येईल." पप्पांनी ताट बाजूला ठेवलं. म्हणाले, "बोली हत्तीपतूर हाय."

"आरं कुणाशी बोली? ती गेली की."

"गेली म्हणून काय झालं?" पप्पा म्हणाले. "मी हाय न्हवं?"

चुलत्यांनी आईकडं बघितलं. आई ताटं उचलायला लागली. मला तेव्हा भीती वाटली, कारण मला पप्पा माहीत आहेत. ते बोलीचे पक्के. आत्या असती तर तिनं वाऱ्याचं, शेळीचं काहीतरी सांगून एक साल मागून घेतलं असतं. आता मागणारं कुणी नव्हतं. थेंब पडला असता, तर त्यांनी जेसीबी आणला असता आणि मग जन्मभर जेवले नसते.

हस्त लागला तसे आई, पप्पा आणि मी बावड्याला जाऊन राहिलो. पप्पांनी हातातलं काम दुसऱ्यावर सोपवलं. मीही कॉलेज बुडवलं, ते मॅडमना सांगितलंय. दोन दिवस नुसतं ढगाळ. तिसऱ्या दुपारी आभाळ खाली आलं आणि सुरू झालं. मी वर जाऊन सवण्यावर फरशी सरकवून आले तोवर नखशिखांत भिजले. मग आम्ही दिवा लावून मधल्या खणात बसलो. बाहेर पन्हळ अंगणात धो धो पडत होती, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पप्पा मान वर करून फिरत होते. पहिला खण, दुसरा, तिसरा, परत पहिला. आईनं चहा केला. कुणी प्यायलं नाही.

पाऊस जरा उतरला तेव्हा मला दिसलं. आत्याची खाट असायची त्या कोपऱ्यात, दोन फळ्यांच्या मधे, एक काळा डाग. आधी नाण्याएवढा होता. बघता बघता वाढला. त्याच्या मधोमध पाणी गोळा व्हायला लागलं. मी आईकडं बघितलं. तिनं माझ्या आधीच बघितलं होतं, आणि ती पप्पांकडं बघत होती. पप्पांनीही पाहिलं. ते अगदी सावकाश तिथं गेले आणि खाट हलवून झाल्यावर जी मोकळी जागा राहिली होती तिथं, बरोब्बर त्या डागाखाली, पाठमोरे मांडी घालून बसले.

थेंब पडला. त्यांच्या मानेवर पडला असावा, कारण त्यांचे खांदे जरा हलले. मग दुसरा. मग लागोपाठ. त्यांचा पांढरा शर्ट पाठीला चिकटत गेला. जमीन कोरडीच राहिली.

पाऊस थांबला, पन्हळीचा आवाज बारीक होत गेला. पप्पा तसेच पाठमोरे म्हणाले,

"प्रज्ञा, तिन्ही खण बघून ये. कुठं थेंब पडलाय का बघ जमिनीवर."

मी उठले. खरंच तिन्ही खण फिरून आले, कोपरे बघितले, भिंतीकडेनं हात फिरवला. परत येऊन म्हणाले, "न्हाय पप्पा. कुठंच न्हाय."

"बघ, मी म्हणलं न्हवतं का," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. "जितली आक्का."

आईनं भिंतीवरचा टॉवेल काढून त्यांच्यापुढं धरला. "पाठ पुसा. गारठाल."

पप्पांनी टॉवेल घेतला, पण पाठ पुसली नाही. नुसता मांडीवर घडी करून ठेवला.

"घाम हाय गं," ते म्हणाले. "उकडतंय आत."